‘अलिग्येरी’ : एका कुलनामाची व्युत्पत्ती आणि तिच्या लेखनाचा प्रश्न

१

‘दिव्य कोमेदिया’च्या कर्त्याचे कुलनाम आज सर्वत्र ‘अलिग्येरी’ असे एकाच रूपाने लिहिले जाते. ग्रंथसूची, विश्वकोश, विद्यापीठीय अभ्यासक्रम, मराठीतील परिचयपर लेख, सर्वत्र हेच रूप आढळते. त्यामुळे हे रूप मुळापासून असेच होते आणि कवी स्वतःही आपले नाव असेच लिहीत असावा, अशी वाचकाची सहज समजूत होते. या समजुतीला पुराव्याचा आधार नाही. दान्तेच्या हयातीत आणि त्यानंतरची दोन शतके हे नाव अलागेरिई, अलाग्येरी, अल्लेग्येरी, अल्लिग्येरी, अलिग्येरी अशा नाना रूपांनी लिहिले जात होते. त्यांच्या जोडीला ‘अल्दिग्येरी’ हे आणखी एक रूप चरित्रकारांनी पुढे आणले. या रूपांपैकी मूळ कोणते, त्यांचा परस्परसंबंध कोणता आणि त्यांतून एकच रूप रूढ का झाले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एखादे अक्षर कमी की अधिक, एवढ्यापुरता हा प्रश्न मर्यादित असता, तर तो सूचीकारांवर सोपविता आला असता. परंतु या नावाची व्युत्पत्ती ‘कोमेदिया’च्या तिसऱ्या खंडात कवीने स्वतःच सूचित केली आहे. तिचा अर्थ आपण कसा लावतो, यावर त्या खंडातील एका मध्यवर्ती प्रसंगाचे, म्हणजे कवी आणि त्याचा खापरपणजा काच्चाग्विदा यांच्या भेटीचे, आपले आकलन अवलंबून आहे. नावाच्या लेखनाचा प्रश्न येथे काव्याच्या अर्थनिर्णयाला जाऊन भिडतो, म्हणून तो समीक्षेच्या कक्षेत येतो.

२

प्रथम कागदपत्रांचा पुरावा पाहू. दान्तेविषयीचे दस्तऐवज रेनातो प्यात्तोली याने १९४० साली एका संग्रहात एकत्र केले. त्याच स्वरूपाचा नवा, विस्तृत संग्रह २०१६ साली प्रसिद्ध झाला आहे. यांतील सर्वांत महत्त्वाचा जुना कागद ९ डिसेंबर ११८९ चा आहे. काच्चाग्विदाचे दोन पुत्र, प्रेइतेनित्तो आणि अलाग्येरी, यांनी फ्लोरेन्समधील सान मार्तीनो या चर्चच्या भिंतीलगतचे अंजिराचे झाड काढून टाकण्याचे वचन तेथील पुरोहितास दिले, एवढाच त्याचा विषय. व्यवहार क्षुल्लक असला, तरी त्यातून दोन गोष्टी निर्विवाद ठरतात : काच्चाग्विदा ही ऐतिहासिक व्यक्ती होती, आणि ज्या पुत्रावरून कुळाला नाव मिळाले तो त्याच्या हयातीत फ्लोरेन्समध्ये ‘अलाग्येरी’ असा लिहिला जात होता. या रूपात ‘ल’नंतर ‘अ’ आहे आणि ‘द’चा मागमूस नाही.

या अलाग्येरीचा पुत्र बेल्लिन्चोने, बेल्लिन्चोनेचा पुत्र पुन्हा अलाग्येरी, आणि या दुसऱ्या अलाग्येरीचा पुत्र दान्ते. पणजोबा आणि पिता या दोघांचे नाव एकच असल्यामुळे एक अडचण उत्पन्न होते. लॅटिन कागदांत कवीचे नाव बहुधा ‘दान्तेस अलागेरिई’ असे येते. ‘अलागेरिई’ हे षष्ठीचे एकवचन आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘अलागेरियुसचा’. म्हणजे हे कुलनाम असेल किंवा केवळ पितृनाम असेल. फ्लोरेन्समधील नोंदींत ‘अमक्याचा अमुक’ अशी पितृनामाची पद्धत सर्रास चालत असे; म्हणून ‘दान्तेस अलागेरिई’ एवढ्यावरून कुलनाम सिद्ध होत नाही. याउलट सुमारे १३०० साली फ्लोरेन्सचा वकील म्हणून दान्ते सान जिमिन्यानो येथे गेला, तेव्हाच्या तेथील नोंदीत त्याचा उल्लेख ‘दे अल्लेगेरिइस’, म्हणजे ‘अल्लेगेरी कुळातील’, अशा अनेकवचनी रूपाने केलेला आहे. पितृनामाला असे अनेकवचन संभवत नाही. दान्तेच्या हयातीत हे नाव कुलनाम म्हणून चालत होते, हे या नोंदीने ठरते. मात्र याच नोंदीत ‘अलागेरी’चे ‘अल्लेगेरी’ झाले आहे : ‘ल’ दुहेरी आणि ‘अ’च्या जागी ‘ए’.

दान्तेच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, १३४३ साली, त्याचा पुत्र याकोपो याच्या व्यवहाराविषयीच्या एका कागदात कवीचे मूळ नाव ‘दुरान्ते’ असून तो ‘दान्ते’ या नावाने ओळखला जाई, अशी नोंद आहे. तेथेही तो ‘अलागेरियुसचा’ पुत्र आहे. ज्या नावाने जग या कवीला ओळखते, त्यातील पहिले पद हे संक्षेपरूप आहे आणि दुसरे एका षष्ठ्यन्त रूपातून स्थिरावलेले आहे, एवढे या कागदांवरून स्पष्ट होते.

या सर्व पुराव्यात एक मोठी उणीव आहे. दान्तेच्या हातची एकही ओळ, एवढेच नव्हे तर त्याची सहीसुद्धा, आज उपलब्ध नाही. त्याच्या हस्ताक्षरातील पत्रे आपण पाहिली होती, असे लिओनार्दो ब्रूनी पंधराव्या शतकात सांगतो व त्या अक्षराचे वर्णनही करतो. परंतु ती पत्रे टिकली नाहीत. लॅटिन पत्रांच्या मथळ्यांत ‘अलागेरिई’ हे रूप आढळते खरे, पण ती पत्रे आपल्याला नकलांतूनच मिळाली आहेत. यास्तव ‘दान्ते स्वतः आपले नाव कसे लिहीत असे?’ या प्रश्नाला थेट उत्तर देता येत नाही. त्याच्या काळी त्याच्या नगरात हे नाव कसे लिहिले जाई, एवढेच निश्चयाने सांगता येते. आणि तेथे लॅटिनमध्ये ‘अलाग-’ या रूपाकडे स्पष्ट कल दिसतो.

३

आता व्युत्पत्तीकडे वळू. हे नाव जर्मानिक मूळचे आहे, याविषयी मतभेद नाही. त्याचे उत्तरपद ‘गेर’, म्हणजे भाला. जर्मानिक वीरनामांत हे पद वारंवार येते. वाद आहे तो पूर्वपदाविषयी. ‘अल्दिग्येरी’ हे रूप मूळ मानले, तर पूर्वपद ‘अल्द’, म्हणजे वृद्ध किंवा प्राचीन, असे धरावे लागते. ‘अलाग्येरी’ मूळ मानले, तर ‘अला’, म्हणजे सर्व, हे पद पुढे येते.

‘अल्दिग्येरी’च्या पक्षाचा सर्वांत प्रभावी पुरस्कर्ता जोव्हान्नी बोकाच्चो. चौदाव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या दान्तेच्या चरित्रात त्याने या नावाची हकीकत दिली आहे. तिच्याप्रमाणे दान्तेचे कूळ मूळचे रोममधील थोर घराण्यातून आलेले. फ्लोरेन्समध्ये ते ‘एलिसेई’ म्हणून नांदले. त्यातील काच्चाग्विदा या सरदाराने फेर्रारा येथील अल्दिग्येरी घराण्यातील कन्या केली. तिने आपल्या एका मुलाला माहेरचे नाव दिले. आणि पुढे त्यातील ‘द’ गळून ‘अलिग्येरी’ असे रूप उरले.

ही हकीकत ऐकावयास सुसंगत आहे. परंतु ११८९ चा कागद तिच्या वाटेत उभा राहतो. ‘द’ खरोखरच गळला असेल, तर तो पिढ्यान्पिढ्यांच्या उच्चारामुळे गळला नाही. ज्या मुलाला हे नाव प्रथम मिळाले, त्याच्याच हयातीत, बोकाच्चोच्या लेखनापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे आधी, तो ‘द’ नाहीसा झालेला होता. शिवाय ‘अल्दि’पासून निघालेल्या रूपात ‘ल’नंतर ‘इ’ अपेक्षित आहे. ११८९ च्या कागदात तेथे ‘अ’ आहे. अनुच्चारित, म्हणजे आघात नसलेल्या, अवयवातील ‘अ’ दुर्बळ होऊन त्याचा ‘ए’ किंवा ‘इ’ होणे सहज कल्पिता येते; ‘इ’चा ‘अ’ होणे त्या मानाने दुर्घट आहे. अलाग्येरी, अल्लेग्येरी, अलिग्येरी या क्रमात ‘अ’, ‘ए’, ‘इ’ अशी सरळ उतरंड दिसते आणि तिच्यात ‘द’ला कोठेही स्थान द्यावे लागत नाही.

फ्लोरेन्सच्या लेखनिकाने परक्या प्रांतातील नाव आपल्या कानाला रुचेल असे बदलून लिहिले असेल, अशी शंका येथे घेता येईल. ती अशक्य नाही. मोडी दप्तरे वाचणाऱ्या अभ्यासकास लेखनिकाच्या सवयीचा हा प्रभाव परिचित आहे. मोडीत इकाराचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखविण्याची रीत नसल्यामुळे केवळ अक्षरावरून नावाचा मूळ उच्चार ठरविणे किती धोक्याचे असते, हे त्यास सांगावयास नको. तथापि लेखनिकाची सवय हे कारण दोन्ही पक्षांना सारखेच लागू पडते. त्याच्या आधारे ‘द’ होता हे सिद्ध होत नाही. तो असू शकला असता, एवढेच म्हणता येते.

आणखी एक भेद येथे ध्यानात ठेवला पाहिजे. नाव जर्मानिक आहे, म्हणून कूळ जर्मानिक किंवा उच्चकुलीन ठरत नाही. लाँगोबार्द आणि फ्रांक राजवटींनंतर अशी नावे इटलीच्या सर्व थरांत रूढ झाली होती. नावाचा उगम आणि कुळाचा उगम हे दोन निराळे प्रश्न आहेत. बोकाच्चोने आणि त्याच्या मागून गेलेल्या अनेकांनी ते एकत्र केले, आणि पुढील गोंधळाचे मूळ तेथे आहे.

४

कवी स्वतः काय सांगतो? ‘स्वर्ग’ खंडाच्या पंधराव्या सर्गात काच्चाग्विदा दोन वेळा या नावाकडे वळतो. प्रथम तो सांगतो की, ज्याच्यावरून तुझ्या कुळाला नाव पडले, तो माझा पुत्र व तुझा पणजोबा. शंभराहून अधिक वर्षे तो शुद्धिपर्वताच्या पहिल्या कड्यावरून फिरत आहे. पुढे सर्गाच्या अखेरीस, आपले भाऊ मोरोन्तो आणि एलिसेओ यांची नावे सांगून, आपली पत्नी पो नदीच्या खोऱ्यातून आली आणि त्यावरून तुझे उपनाव निर्माण झाले, असे तो म्हणतो.

बोकाच्चोची हकीकत या दोन उल्लेखांपुढे ठेवली, की तिच्यातील भर लगेच उघडी पडते. काव्यात नगराचे नाव नाही. फेर्रारा बोकाच्चोचे आहे. काव्यात पत्नीच्या माहेरच्या घराण्याचे नाव नाही. अल्दिग्येरी बोकाच्चोचे आहे. काव्यात एलिसेओ हा केवळ भाऊ आहे. रोमहून आलेले एलिसेई घराणे बोकाच्चोचे आहे. काव्याने ‘पोचे खोरे’ एवढा विस्तीर्ण प्रदेश सांगून मौन पाळले आणि चरित्रकाराने ते मौन भरून काढले. याच रिकाम्या जागेत पुढील भाष्यकारांनी कोणी पार्मा, तर कोणी वेरोना यांनाही आणून बसविले. ‘त्यावरून’ या पदाचा अर्थही संदिग्ध आहे : तो पत्नीकडे निर्देश करतो की तिच्या प्रदेशाकडे, हे व्याकरणाने निश्चित होत नाही. म्हणून या ओळीवरून ‘अल्दिग्येरी’ हे रूप काढणे म्हणजे ओळीत नसलेला आशय तिच्यावर लादणे होय.

माझ्या मते, टीकाकारांनी दुसऱ्या उल्लेखावर जेवढा भर दिला, तेवढा पहिल्यावर दिला नाही; आणि खरे मर्म पहिल्यात आहे. शुद्धिपर्वताचा पहिला कडा हा गर्वाच्या प्रायश्चित्ताचा कडा आहे. ज्या पुरुषापासून कुळाला नाव मिळाले, तो पुरुष गर्वाचे ओझे पाठीवर घेऊन शंभर वर्षे फिरत आहे, असे कवी मुद्दाम सांगतो. ‘शुद्धिलोक’ खंडाच्या तेराव्या सर्गात स्वतः दान्तेने, मृत्यूनंतर आपल्यालाही खालच्या त्याच कड्यावरची शिक्षा भोगावी लागेल अशी भीती वाटते, हे कबूल केले आहे. नाव देणारा आणि नाव धारण करणारा, दोघांचा दोष एकच. कुलनामाचा उगम सांगणारा प्रसंग कुलाभिमानाच्या प्रायश्चित्ताशी असा जोडला आहे. या पार्श्वभूमीवर त्या नावातून रोमन सरदारांची परंपरा काढणे कवीच्या योजनेच्या विरुद्ध जाते.

याला एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सोळाव्या सर्गाच्या आरंभी कवी कबूल करतो की, रक्ताच्या कुलीनतेचा मोह आपल्याला स्वर्गातही झाला. तो खापरपणजाला आदरार्थी बहुवचनाने संबोधू लागतो, आणि ते पाहून बेआत्रीचे स्मित करते. मग कवीला आपल्या कुळाचा अभिमान नव्हता, असे कसे म्हणावे? उत्तर असे की, अभिमान होता, आणि म्हणूनच त्याचे परीक्षण आवश्यक झाले. त्याच सर्गात कुलीनतेला लवकर आखूड होणाऱ्या झग्याची उपमा दिली आहे : रोज नवे कापड जोडले नाही, तर काळ त्याच्याभोवती कात्री घेऊन फिरतो. पूर्वजांची अधिक चौकशी केली, तेव्हा काच्चाग्विदा ते कोण व कोठून आले याविषयी मौनच अधिक उचित, असे सांगून तो विषय तोडतो. ‘कोन्व्हिव्हियो’च्या चौथ्या प्रबंधात वंश आणि जुनी संपत्ती म्हणजे कुलीनता, या मताचे दान्तेने सविस्तर खंडन केले होते; येथे तोच विचार नाट्यरूपाने येतो. मोह दाखविलेला आहे, त्याला स्मिताने उत्तर दिलेले आहे आणि वंशावळीचे दार बंद केलेले आहे. बोकाच्चोने पुढे जे दार उघडले, ते हेच.

कवीजवळ वंशाची बारीकसारीक माहिती नव्हती, याला काव्यातच एक सूक्ष्म पुरावा आहे. ‘कोमेदिया’चा कल्पित प्रवास १३०० सालचा, पणजोबा शंभराहून अधिक वर्षे पर्वतावर आहे, म्हणजे तो १२०० पूर्वी मरण पावला असला पाहिजे. परंतु १२०१ सालच्या एका कागदात तो जिवंत आहे. ज्याला पणजोबाच्या मृत्यूचे साल नेमके ठाऊक नव्हते, त्याच्या एका संदिग्ध पदावर पणजीच्या माहेरची संपूर्ण वंशावळ उभारणे कितपत रास्त आहे, याचा विचार व्हावा.

५

तरीही ‘अलिग्येरी’ हे रूप रूढ झाले, ते कसे? मुद्रणाच्या पहिल्या तीस वर्षांत याविषयी एकमत नव्हते. १४७२ साली फोलिन्यो येथे छापलेल्या ‘कोमेदिया’च्या पहिल्या आवृत्तीच्या आरंभी ‘अल्लेग्येरी’ हे रूप आहे. १४८१ साली फ्लोरेन्समध्ये क्रिस्तोफोरो लान्दिनोच्या भाष्यासह निघालेल्या आवृत्तीत ‘अलिग्येरी’ आहे. १५०२ साली व्हेनिस येथे आल्दो मानुत्सियोने प्येत्रो बेम्बोच्या संहितेवरून काढलेल्या आवृत्तीत ‘अलाग्येरी’ आहे. तीन नगरे, तीन आवृत्त्या, तीन रूपे. बेम्बो हा इटालियन भाषेच्या शुद्धलेखनाचा त्या काळचा सर्वांत दक्ष अभ्यासक. त्याच्या संहितेने जुने ‘अ’युक्त रूप स्वीकारावे, हे लक्षणीय आहे. तथापि बेम्बोच्या मताचा येथे विजय झाला नाही.

बोकाच्चोचे वजन मोठे ठरले. त्याने दान्तेचे चरित्र लिहिले, ‘कोमेदिया’ची स्वहस्ते तीन वेळा नक्कल केली आणि आयुष्याच्या अखेरीस फ्लोरेन्समध्ये तिच्यावर जाहीर व्याख्याने दिली. संहिता आणि चरित्र एकाच हातून प्रसृत झाल्यामुळे त्याने मान्य केलेले रूप प्रमाण ठरू लागले. १५९५ साली क्रुस्का अकादमीने आपली आवृत्ती काढली, तिच्या मुखपृष्ठावर ‘दान्ते अलिग्येरी, फ्लोरेन्सचा कुलीन’ अशा अर्थाचे शब्द आहेत. येथे एक विरोध चिंतनीय आहे. कानग्रान्देला लिहिलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या पत्रात ग्रंथाचे जे शीर्षक दिले आहे, त्यात कवी ‘अलागेरिई’ असून तो जन्माने फ्लोरेन्सचा, शीलाने नव्हे, अशी त्याची ओळख आहे. त्या पत्राच्या कर्तृत्वाविषयी वाद आहे हे खरे. परंतु ते चौदाव्या शतकातील आहे याबद्दल शंका नाही. त्या शीर्षकाकडून अकादमीच्या मुखपृष्ठाकडे येताना नावातील स्वर बदलला, आणि त्याबरोबरच हद्दपार कवीचा नगराशी असलेला कडवट संबंध पुसला जाऊन त्या जागी कुलीनता आली.

वेरोना येथे स्थायिक झालेल्या दान्तेच्या वंशजांनी आणखी एक पाऊल टाकले. लॅटिनमधील ‘अलिगेर’, म्हणजे ‘पंखधारी’, या शब्दाशी नावाचे साम्य पाहून त्यांनी आपल्या कुलचिन्हात पंख घेतला. १५४९ साली जिनेव्ह्रा अलिग्येरीचा सेरेगो घराण्यात विवाह झाला आणि ‘सेरेगो अलिग्येरी’ हे जोडनाव निर्माण झाले. ‘पंखधारी’ ही व्युत्पत्ती अर्थातच लोकव्युत्पत्ती आहे; पण ती ‘अलाग-’ या रूपावरून सुचली नसती. लेखन बदलले की व्युत्पत्ती बदलते, आणि व्युत्पत्ती बदलली की कुळाचा इतिहासही नवा लिहिला जातो, याचे हे चांगले उदाहरण होय.

६

यावरून संपादकाने व अनुवादकाने काय करावे? इटालियन ग्रंथनामात ‘अलिग्येरी’ बदलण्याचे कारण नाही. रूढीने ते प्रमाण ठरले आहे, आणि जोर्जो पेत्रोक्कीच्या १९६६-६७ च्या आवृत्तीनेही तेच ठेवले. परंतु ते रूढ रूप आहे, मूळ रूप नव्हे, याची जाणीव टीपेत तरी असावी. लॅटिन ग्रंथांच्या व पत्रांच्या संपादनात पोथ्यांतील ‘अलागेरिई’ राखावे. तेथे ‘अलिग्येरी’चे लॅटिनीकरण करणे अनैतिहासिक ठरेल. ‘अल्दिग्येरी’ हे रूप कुळाचे मूळ नाव म्हणून न देता बोकाच्चोचे मत म्हणून द्यावे.

मराठीपुरता एक मुद्दा उरतो. आपल्याकडे ‘अलिघिएरी’ असे लेखन आढळते. इटालियनमध्ये ‘इ’ आणि ‘ए’ यांच्या आधी ‘ग’चा उच्चार ‘ज’सारखा होऊ नये, म्हणून ‘जी’ या रोमन अक्षरापुढे ‘एच’ लिहितात. ती केवळ लेखनखूण आहे, तिच्यात महाप्राण नाही. इटालियन भाषेत ‘घ’ हा ध्वनीच नाही. म्हणून ‘घ’ लिहिणे म्हणजे इंग्रजी सवयीने रोमन अक्षर वाचणे होय. ‘इए’ हा संयुक्त स्वर एका अवयवात उच्चारला जातो, तेव्हा ‘ग्ये’ हे देवनागरीस सर्वांत जवळचे. प्रस्तुत लेखात ‘अलिग्येरी’ असे लिहिले आहे, ते या कारणास्तव.

शेवटी काव्याकडे परत येणे उचित होईल. संपूर्ण ‘कोमेदिया’त ‘दान्ते’ हे नाव एकदाच येते. ‘शुद्धिलोक’च्या तिसाव्या सर्गात बेआत्रीचे त्याला दटावताना ते उच्चारते, आणि केवळ नाइलाजाने आपण ते येथे नोंदवीत आहोत, असे कवी लगेच सांगतो. कुलनाम तर एकदाही येत नाही. त्याचा उगम सांगितला आहे, ज्याच्यामुळे ते पडले त्याचे प्रायश्चित्त सांगितले आहे. ते नाव मात्र काच्चाग्विदाच्या तोंडी येत नाही. ‘अलाग्येरी’ की ‘अलिग्येरी’ हा वाद कागदपत्रांच्या आधारे बऱ्याच अंशी सोडविता येतो. परंतु कवीने हे नाव आपल्या काव्यात का येऊ दिले नाही, हा प्रश्न काव्याचा आहे. त्याचे उत्तर वंशावळीत शोधण्याऐवजी गर्वाच्या त्या पहिल्या कड्यावर शोधावे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.